आधी मंडळी, मग झगा

नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज हजारो माणसं जातात-येतात. या रस्त्याला नाव मिळालं ते चर्च मिशनरी सोसायटीनं १८५० च्या दशकात वसवलेल्या शरणपूरच्या वस्तीवरून. शरण आलेल्यांचं पूर, असा त्या नावाचा सरळ अर्थ. त्या आसऱ्याला आलेल्यांत आपल्याकडचे नवख्रिस्ती तर होतेच, पण आफ्रिकन मुलंही होती, हे बऱ्याच नाशिककरांनाही ठाऊक नसतं. गुलामांची ने-आण करणारी गलबतं इंग्रजी आरमार समुद्रात अडवत असे. सुटलेल्या पोरांना मुंबईला उतरवलं जाई आणि त्यांतली काही शरणपूरला धाडली जात. तिथे ती लिहा-वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली, बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाली. आईबापांनी ठेवलेली नावं मागे पडली. जेकब, मॅथ्यू, विल्यम, इश्माएल अशी नवी नावं लागली.

त्यांतले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर १८६० च्या दशकात मोंबासाजवळच्या रबाई गावी गेले. तिथे त्यांनी शाळा चालवली, उपासना घेतली, मालकाच्या तावडीतून पळून आलेल्या गुलामांना जागा दिली. १८८५ साली बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी दोघांना डीकनपदाची दीक्षा दिली. आजच्या केनियाच्या किनाऱ्यावर अशी दीक्षा मिळालेले हे पहिले आफ्रिकन. म्हणजे पाळकाचा झगा अंगावर येईपर्यंत जवळजवळ वीस वर्षं ते पाळकाचंच काम करत होते. मंडळी आधी उभी राहिली आणि झगा मागाहून आला.

आफ्रिकेतल्या ख्रिस्ती नेतृत्वाची सगळी कहाणी मला या एका गोष्टीत दिसते. म्हणूनच या पुस्तकाच्या दाराशी मी तीच ठेवली आहे.

कारण आपल्या वाचनात येते ती कहाणी बहुधा उलट्या बाजूनं सांगितलेली असते. गोऱ्या मिशनऱ्यांनी धर्म नेला, शाळा-दवाखाने काढले, हळूहळू माणसं तयार केली आणि देश स्वतंत्र झाल्यावर चर्चच्या किल्ल्या त्यांच्या हवाली केल्या, असा तिचा सारांश. मिशनऱ्यांचे कष्ट खोटे नव्हते. कित्येक जण तिथे पाऊल ठेवल्यावर वर्षाच्या आत तापानं गेले. पण खेड्यापाड्यांत शुभवर्तमान नेलं ते आफ्रिकन माणसांनी: गावचा उपदेशक, शाळेचा मास्तर, बाजारात माल विकता विकता प्रार्थना शिकवणारी बाई. आपल्याकडे नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत मिशनशाळेचा मास्तरच रविवारी उपासना चालवायचा, तसंच ते होतं. युगांडाचे अपोलो किवेबुलाया १८९६ मध्ये काँगोच्या सीमेवरच्या बोगा भागात गेले तेव्हा ते साधे उपदेशक होते. पाळकपद त्यांना नंतर मिळालं. अशा माणसांचं पुढारपण कुणी दिलेलं नव्हतं. प्रश्न एवढाच होता की ते पुढारपण कागदावर मान्य करायचं कुणी आणि कधी.

आणि आफ्रिकेला ख्रिस्ती धर्म युरोपनं ओळखीचा करून दिला, हेही अर्धंच खरं आहे. कार्थेजचे सिप्रियन आणि हिप्पोचे ऑगस्टिन हे उत्तर आफ्रिकेचे बिशप. पाश्चात्त्य ख्रिस्ती विचाराचा पाया ज्यांच्या लेखनावर उभा आहे त्यांत ऑगस्टिन अग्रणी, आणि त्यांची कर्मभूमी आजच्या अल्जीरियात. इजिप्तची कॉप्टिक मंडळी पहिल्या शतकांपासून आजवर टिकून आहे. इथिओपियात चौथ्या शतकापासून ख्रिस्ती राज्य होतं. पण तिथली एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. इतक्या जुन्या, इतक्या स्वाभिमानी मंडळीचा प्रमुख सोळाशे वर्षं इजिप्तहून येत असे, अलेक्झांड्रियाच्या धर्मपित्यानं नेमलेला. अबुना बासिलिओस हे पहिले इथिओपियन महाधर्मगुरू झाले १९५१ मध्ये, आणि इथिओपियाची मंडळी स्वतःचा धर्मपिता असलेली स्वतंत्र मंडळी झाली १९५९ मध्ये. तेव्हा खुर्ची आणि मंडळी यांतलं अंतर फक्त गोऱ्या-काळ्याचं नव्हतं, हेही वाचकानं मनात ठेवावं.

आता ज्या माणसापाशी मला थोडं जास्त थांबायचं आहे त्याच्याकडे वळतो.

आजच्या नायजेरियातल्या ओशोगुन गावावर १८२१ मध्ये गुलाम पकडणाऱ्यांची धाड पडली. अजाई तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता. या मालकाकडून त्या मालकाकडे विकला जात तो अखेर पोर्तुगीज गलबतावर पोचला. १८२२ च्या एप्रिलात इंग्रजी आरमारानं ते गलबत पकडलं आणि पोराला सिएरा लिओनच्या फ्रीटाऊनला उतरवलं. तिथे तो शिकला. १८२५ मध्ये बाप्तिस्मा झाला आणि अजाईचा सॅम्युअल अजाई क्राउदर झाला. १८२७ मध्ये फोरा बे कॉलेज निघालं, त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांत तो होता.

१८४१ च्या नायजर मोहिमेत क्राउदर दुभाषे म्हणून गेले. त्या मोहिमेवर गेलेल्या सुमारे दीडशे गोऱ्यांपैकी चाळीसहून अधिक जण मेले. या मुलुखात काम उभं राहायचं तर ते आफ्रिकन माणसांच्याच हातून, एवढं त्यातून सगळ्यांना उमगलं. १८४३ मध्ये लंडनला त्यांना दीक्षा मिळाली आणि पुढे ते योरुबा मुलुखातल्या अबेओकुटाला गेले. १८४६ च्या ऑगस्टात तिथे एक म्हातारी त्यांना शोधत आली. ती त्यांची आई होती. पंचवीस वर्षांनी मायलेक समोरासमोर आले, आणि बराच वेळ दोघांच्या तोंडून शब्द फुटला नाही, असं क्राउदरनी आपल्या रोजनिशीत नोंदवलं आहे. १८४८ मध्ये त्या माउलीचा बाप्तिस्मा झाला. नाव ठेवलं हॅना. बायबलातल्या सॅम्युअलच्या आईचं नाव तेच.

याच क्राउदरनी योरुबा भाषेत बायबल उभं केलं. ते एकट्याचं काम नव्हतं, पण त्याचा कणा तेच होते. योरुबात शब्दाचा सूर बदलला की अर्थ बदलतो. ते बारकावे कागदावर उतरवायचे म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांत बसून ऐकावं लागे, म्हणी टिपून घ्याव्या लागत. देवासाठी त्यांनी लोकांच्या तोंडचा 'ओलोरुन' हाच शब्द ठेवला. धर्मगुरूसाठी तिथल्या मुसलमानांत रूढ असलेला 'अलुफा' हा शब्द बिनदिक्कत घेतला. पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये हिब्रू-ग्रीक शिकून अखंड बायबल मराठीत आणलं, हे आठवलं की या कामाचं मोल आपल्याला पटकन कळतं. गँबियाचे विद्वान लामिन सान्नेह यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा पुढे नेला. त्यांचं म्हणणं असं की, बायबल मातृभाषेत गेलं त्या क्षणी सत्ता मिशनऱ्याच्या हातून निसटली. कारण आता देवाचा शब्द नीट कळतो कुणाला, या प्रश्नाचं उत्तर गावातला माणूस देऊ लागला. मला हे म्हणणं पूर्ण पटतं. आफ्रिकन नेतृत्वाची खरी सुरुवात कुठल्या सभेच्या ठरावात शोधण्यापेक्षा शब्दकोशाच्या पानांत शोधावी.

२९ जून १८६४ रोजी कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये क्राउदर बिशप झाले. अँग्लिकन चर्चचे ते पहिले आफ्रिकन बिशप. त्यामागे चर्च मिशनरी सोसायटीचे सचिव हेन्री व्हेन यांचा हट्ट होता. स्वशासन, स्वावलंबन आणि स्वप्रसार ही त्यांची त्रिसूत्री. देशी मंडळी आपल्या पायांवर उभी राहिली की मिशननं तिथून पाय काढून घ्यावा, असं ते उघड सांगत. हिंदुस्थानात व्ही. एस. अझरिया हे पहिले हिंदी अँग्लिकन बिशप व्हायला १९१२ उजाडलं, यावरून व्हेन किती पुढचं पाहत होते ते कळेल.

तरीही मेख होतीच. आफ्रिकन बिशपच्या हाताखाली काम करायला गोरे मिशनरी राजी नव्हते. म्हणून क्राउदरना जो धर्मप्रांत दिला तो इंग्रजी अंमलाच्या पलीकडचा. नायजरकाठी त्यांनी आफ्रिकन सहकाऱ्यांच्या बळावर काम वाढवलं. १८७३ मध्ये व्हेन वारले. पुढे किनीनमुळे गोऱ्या माणसाला त्या हवेत जगणं सोपं झालं आणि १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेनंतर आफ्रिकेच्या वाटण्या सुरू झाल्या. सोसायटीत नवी पिढी आली, कडक धर्मनिष्ठेची, तरुण आणि आपल्या मताविषयी कसलीही शंका नसलेली. १८९० मध्ये ओनिचा इथे फायनान्स कमिटी बसली. हिशेब आणि आचरण यांवर बोट ठेवून बिशपच्या माणसांना निलंबित करण्यात आलं, त्यांचे चिरंजीव डँडेसन यांनाही. ऐंशी वर्षांच्या बिशपनी त्या कमिटीचा राजीनामा दिला. ३१ डिसेंबर १८९१ रोजी लागोसला त्यांचं निधन झालं. त्यांच्या जागी गोरा बिशप नेमला गेला.

क्राउदरच्या सहकाऱ्यांत दोष नव्हतेच असं मी म्हणणार नाही. नायजरकाठचा व्यापार आणि मिशन एकमेकांत गुंतले होते, तक्रारींना काही आधार होता. पण एका माणसाच्या चुकीसाठी तो माणूस बदलतात. इथे सबंध आफ्रिकन नेतृत्वच अपात्र ठरवलं गेलं, आणि ती जखम पुढची साठ वर्षं भरली नाही. २०१४ मध्ये, क्राउदरच्या दीक्षेला दीडशे वर्षं झाली तेव्हा, आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी त्याच कँटरबरीत चर्चच्या वतीनं या अन्यायाबद्दल जाहीर क्षमा मागितली.

तिजोरी कुणाच्या हाती आहे, हा प्रश्न या पुस्तकात वारंवार भेटेल. डँडेसन क्राउदरनी तो लगेच ओळखला. १८९२ मध्ये त्यांनी नायजर डेल्टातल्या मंडळ्या सोसायटीच्या पैशापासून मोकळ्या करून स्वतःच्या खर्चानं चालवल्या. त्याच वर्षी प्रिटोरियात मेथडिस्ट पाळक मँगेना मोकोने यांनी राजीनामा देऊन 'इथिओपियन चर्च' स्थापन केलं. काळ्या पाळकांची सभा वेगळी, पगार वेगळा, मान वेगळा, हे त्यांना सोसवेना. स्तोत्रसंहितेत इथिओपियाचं नाव येतं. ते नाव सगळ्या काळ्या माणसांचं, असं मानून त्यांनी ते आपल्या मंडळीला दिलं. चार वर्षांनी अडव्याच्या लढाईत इथिओपियानं इटलीचा पराभव केला तेव्हा त्या नावाला आणखी तेज चढलं.

मग आले ते संदेष्टे. लायबेरियाचे विल्यम वेड हॅरिस १९१३ मध्ये पायी निघाले. अंगात पांढरा झगा, हातात क्रूसाची काठी, भोपळ्याचं भांडं आणि बायबल. हा झगा कुणा बिशपनं दिलेला नव्हता. आयव्हरी कोस्टच्या किनाऱ्यावर वर्ष-दीड वर्षात लाखभर माणसांनी त्यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. फ्रेंच सरकारला धास्ती पडली आणि त्यांना हद्दपार केलं गेलं. हॅरिस जाताना सांगून गेले की, ग्रंथ घेऊन कुणीतरी येईल, त्याची वाट पाहा. सुमारे दहा वर्षांनी ब्रिटिश मेथडिस्ट मिशनरी तिथे पोचले, तर गावोगाव लोकांनी स्वतः बांधलेली प्रार्थनाघरं उभी होती आणि माणसं वाट पाहत होती. मिशनऱ्यानं पेरावं आणि पीक यावं असा क्रम आपण गृहीत धरतो. इथे मिशनरी आला तेव्हा रान आधीच डोलत होतं.

बेल्जियन काँगोत सायमन किंबांगू यांचं सार्वजनिक कार्य अवघे पाच-सहा महिने चाललं, १९२१ च्या एप्रिल ते सप्टेंबर. ते बॅप्टिस्ट मिशनचे उपदेशक होते. आजारी माणसांसाठी ते प्रार्थना करत, मूर्ती-ताईत टाका म्हणत. एन्कांबा गावाकडे माणसांची रीघ लागली, मळ्यांतले मजूर काम सोडून येऊ लागले आणि सरकारनं त्यात बंड पाहिलं. लष्करी न्यायालयानं त्यांना फाशी सुनावली. बेल्जियमच्या राजानं ती जन्मठेपेवर आणली. घरापासून फार दूर, एलिझाबेथव्हिलच्या तुरुंगात तीस वर्षं काढून १२ ऑक्टोबर १९५१ रोजी ते वारले. ही तीस वर्षं मंडळी कुणी जिवंत ठेवली? त्यांच्या पत्नी मारी मुइलू यांनी, लपूनछपून, पाळतीखाली. डिसेंबर १९५९ मध्ये सरकारनं त्या मंडळीला मान्यता दिली आणि १९६९ मध्ये जागतिक चर्च परिषदेनं तिला सभासद करून घेतलं. आज ती आफ्रिकेतल्या मोठ्या स्वतंत्र मंडळ्यांपैकी एक आहे.

मारी मुइलूंचं नाव मी मुद्दाम घेतलं. या कहाणीत बायकांना बहुधा 'अमुकची पत्नी' म्हणून जागा मिळते. १७०६ मध्ये काँगो राज्यात किंपा व्हिटा या विशी ओलांडलेल्या तरुणीला जिवंत जाळलं गेलं, कारण ख्रिस्त आपल्या मातीत जन्मला असं ती सांगत होती. १९२५ मध्ये नायजेरियात 'चेरुबिम अँड सेराफिम' या प्रार्थनासंघाची सुरुवात मोझेस ओरिमोलादे यांच्याबरोबर ख्रिस्तियाना अबिओदुन या मुलीनं केली. घानाच्या मर्सी अंबा ओदुयोये यांनी १९८९ मध्ये आफ्रिकन स्त्री-धर्मचिंतकांचं मंडळ उभं केलं. एवढं असूनही आफ्रिकेतल्या पहिल्या अँग्लिकन महिला बिशप, स्वाझीलँडच्या एलिना वामुकोया, २०१२ मध्ये झाल्या. पुरुषांची वाट लांब होती, बायकांची त्याहून लांब. आणि ती अडवणारे सगळेच काही परके नव्हते.

कॅथलिक चर्चमधली वाटचाल वेगळी. तिथे खुर्ची रोमहून मिळते, त्यामुळे बदल दिसायला उशीर लागला, पण ठरल्यावर तो भराभर झाला. १९३९ मध्ये युगांडाचे जोसेफ किवानुका बिशप झाले, १९६० मध्ये टांगानिकाचे लॉरियन रुगांब्वा कार्डिनल झाले, १९६४ मध्ये युगांडाच्या बावीस हुतात्म्यांना संतपद मिळालं. १९६९ मध्ये पोप सहावे पॉल कंपालाला आले आणि आफ्रिकेचा स्वतःचा ख्रिस्ती धर्म असू शकतो, असायलाच हवा, हे त्यांनी तिथल्या बिशपांना सांगितलं.

प्रॉटेस्टंटांत मात्र वादाची ठिणगी केनियाच्या जॉन गाटू यांनी टाकली. परदेशी मिशनरी आणि परदेशी पैसा काही काळ थांबवा, असं त्यांनी १९७१ मध्ये थेट अमेरिकेत जाऊन सांगितलं. १९७४ मध्ये लुसाकाला आफ्रिकी चर्च परिषदेनं ही मागणी उचलून धरली. पुष्कळांना ती कृतघ्नपणाची वाटली. मला त्यात व्हेनच्याच त्रिसूत्रीची आठवण दिसते. फरक इतकाच, की या वेळी ती ज्यांच्या हक्काची होती त्यांच्या तोंडून आली होती. मागणी तशीच्या तशी अमलात आली नाही, पण त्यानंतर कुठल्याही सभेत आफ्रिकन प्रतिनिधीला कोपऱ्यात बसवणं अवघड झालं.

नेतृत्वाची किंमत काय असते, ते युगांडाच्या आर्चबिशप जनानी लुवुम यांनी दाखवलं. इदी अमीनच्या राजवटीतल्या हत्यांविरुद्ध त्यांनी बिशपांसह निषेधाचं पत्र दिलं आणि १६ फेब्रुवारी १९७७ रोजी त्यांना ठार मारण्यात आलं. सरकारनं मोटार अपघात म्हणून जाहीर केलं आणि मृतदेह कंपालाला द्यायचं नाकारलं. नामिरेंबेच्या कॅथीड्रलशेजारी कबर खणून तयार होती. लोक त्या रिकाम्या कबरीभोवती जमले आणि त्यांनी स्तोत्रं गायली. ती कबर बिशप हॅनिंग्टन यांच्या कबरीला लागून खणलेली होती. जोन्स आणि सेमलर यांना दीक्षा देणारे तेच हे हॅनिंग्टन. १८८५ मध्ये युगांडाच्या वाटेवर त्यांची हत्या झाली तेव्हा शरणपूरचे विल्यम जोन्स त्यांच्या काफिल्यात होते, आणि वाचलेल्या माणसांना किनाऱ्यावर परत आणलं तेही जोन्स यांनीच.

दक्षिण आफ्रिकेच्या डेस्मंड टुटूंविषयी मराठी वाचकाला मी काय सांगावं! १९८४ चं नोबेल, १९८६ मध्ये केपटाऊनचं आर्चबिशपपद, पुढे सत्य आणि सलोखा आयोग, हे सर्वांना माहीत आहे. एवढंच जोडतो की टुटूंचा आवाज एकट्याचा नव्हता. मोकोनेंनी राजीनामा दिला त्या दिवसापासूनची नव्वद वर्षं त्या आवाजामागे होती.

पण याच ठिकाणी एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. १९९४ मध्ये रवांडात लाखो तुत्सींची कत्तल झाली. न्यामाता, न्तारामा इथल्या चर्चमध्ये माणसं आसऱ्याला गेली आणि तिथेच मारली गेली. तोपर्यंत तिथल्या मंडळ्यांचे प्रमुख आफ्रिकनच होते. त्यांतले काही सत्तेच्या इतके जवळ गेले होते की त्यांना वेळेवर बोलता आलं नाही. अथानास सेरोंबा या धर्मगुरूला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं दोषी ठरवून जन्मठेप दिली. आणि त्याच रवांडात आपला जीव देऊन माणसं लपवणारेही ख्रिस्तीच होते. माणूस आपल्या मातीतला आहे एवढ्यानं पुढारी चांगला ठरत नाही, हे आफ्रिकेतल्या विचारवंतांनी स्वतःच पुढे होऊन लिहिलं आहे. आज संपत्तीचं आश्वासन विकणारे उपदेशक, व्यक्तिपूजा, बिशपच्या निवडीत डोकावणारी जमात यांवर सर्वांत कठोर टीकाही तिथूनच होते. ती टीका मला त्या नेतृत्वाच्या वयात येण्याची खूण वाटते.

आकड्यांत सांगायचं तर १९०० साली आफ्रिकेत जेमतेम एक कोटी ख्रिस्ती होते, आज साठ कोटींहून अधिक आहेत. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आज युरोपपेक्षा जास्त ख्रिस्ती राहतात. अँग्लिकन जगात इंग्लंडात लँबेथला काय ठरतं याइतकंच अबुजा आणि किगालीत काय ठरतं हे महत्त्वाचं झालं आहे. २०२३ च्या डिसेंबरात समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याविषयी व्हॅटिकनचं पत्रक निघालं, तेव्हा किन्शासाचे कार्डिनल आंबोंगो यांनी आफ्रिकेतल्या बिशपांच्या वतीनं आपला नकार रोमला कळवला. त्या मताशी कुणी सहमत असो वा नसो. मी स्वतः नाही. पण शंभर वर्षांपूर्वी जिथून फक्त अहवाल मागवले जात, तिथून आता मत येतं आणि रोमला ते ऐकून घ्यावं लागतं, ही घटना लहान नाही.

वाचकांना एक विनंती. प्रकरणं कुठल्याही क्रमानं वाचावीत, पण रबाईवरचं प्रकरण शेवटासाठी ठेवू नये. त्यात जेकब वेनराइटही भेटेल. १८७३ मध्ये चितांबोच्या गावात मिशनरी-प्रवासी लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा अंत्यविधीच्या प्रार्थना वाचणारा, झाडाच्या खोडावर त्यांचं नाव कोरणारा आणि पुढे त्यांच्या शवपेटीबरोबर वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत जाणारा. तो अक्षरं गिरवायला शिकला ते आपल्या नाशिकात, शरणपूरला.